बॅटरीच्या कारखान्यात आपली मुले कोणत्या दाराने जाणार?

गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या विद्यालयाच्या पालकसभांतून एक नवा प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे. पूर्वी दहावीचा निकाल लागला की पालक डी.एड., पॉलिटेक्निक, पोलीस भरती, नर्सिंग यांविषयी विचारीत. आता ते विचारतात, ‘‘सर, ईव्हीचा कोर्स कुठे करावा? बॅटरीच्या लाइनला पुढे मागणी आहे म्हणतात.’’ विचारणाऱ्यांत शेतमजूर आहेत, गवंडी आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्या हातात बहुधा एखाद्या खासगी संस्थेचे रंगीत पत्रक असते आणि त्यावर तीन महिन्यांत नोकरीची हमी छापलेली असते. फी भरण्यासाठी दागिना मोडावा की बचत गटाचे कर्ज काढावे, एवढाच निर्णय त्यांच्या दृष्टीने शिल्लक राहिलेला असतो.

हा लेख लिहिणाऱ्या आम्हा मंडळींत विद्यालयाचे विज्ञानशिक्षक आहेत, तसेच येथूनच शिकून आज वाहनउद्योगात काम करणारे काही माजी विद्यार्थीही आहेत. आमचे मत आरंभीच स्पष्टपणे मांडतो. विद्युत वाहनांच्या बॅटरीचे क्षेत्र आपल्या मुलामुलींसाठी खरोखर मोलाचे आहे. तथापि त्याचे दार तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने उघडत नाही. ते नववी ते बारावीच्या विज्ञानाने, हाताला लागलेल्या शिस्तीने आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या पायरीपायरीच्या शिक्षणाने उघडते. हे आज ओळखले नाही, तर या नव्या उद्योगातही आपली मुले कंत्राटदाराच्या रांगेतून आत जातील आणि ज्ञानाच्या जागा इतरांकडे राहतील.

बॅटरीत नेमके काय असते

तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळच्या गल्लीत बॅटरीचे एखादे दुकान असतेच. तेथे शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी उघडली जाते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घातले जाते, प्लेट बदलली जाते. अनेक मुले हे काम उस्तादाच्या हाताखाली नुसत्या निरीक्षणाने शिकली आणि त्यावर संसार उभे राहिले. या कसबाविषयी आम्हास आदर आहे. परंतु विद्युत स्कूटरमधील बॅटरी या जातीची नाही. शिशाच्या बॅटरीत एक किलो वजनामागे साधारण ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा साठते, तर लिथियम-आयन बॅटरीत ती १५० ते २५० वॅट-तासांपर्यंत जाते. एवढ्याशा जागेत इतकी ऊर्जा कोंडलेली असल्यामुळे अंदाजाने केलेली दुरुस्ती तेथे आगीला निमंत्रण ठरते.

लिथियम-आयन बॅटरीचा मूळ घटक म्हणजे सेल. सेलमध्ये ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्यावर एका रसायनाचा आणि तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप दिलेला असतो. दोहोंच्या मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. हा पडदा जेमतेम १० ते २५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ असतो. चार्जिंग होताना लिथियमचे आयन पडदा ओलांडून ग्रॅफाइटकडे जातात, गाडी चालताना परत येतात. एका सेलचा दाब जेमतेम ३ ते ४ व्होल्ट असतो. म्हणून अनेक सेल जोडून पॅक तयार करावा लागतो.

येथून पुढे आपल्या नववीच्या ‘धाराविद्युत’ आणि दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठांचे राज्य सुरू होते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या सेलचा दाब ३.२ व्होल्ट धरतात. असे १६ सेल एकसरीत जोडले की ५१.२ व्होल्टचा पॅक होतो. आता समजा, या पॅकमधून १०० अँपिअर धारा वाहत आहे आणि दोन सेल जोडणाऱ्या पट्टीच्या जोडाचा रोध एक ओहमचा हजारावा भाग आहे. धारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तेथे १० वॅट उष्णता निर्माण होते. वेल्डिंग कच्चे राहून रोध पाचपट झाला, तर नखाएवढ्या जागेत ५० वॅटची उष्णता सतत निर्माण होऊ लागते. गाडी पेटण्याच्या काही घटनांचे मूळ अशा एका कच्च्या जोडात असू शकते. ज्या मुलाने हे सूत्र परीक्षेपुरते पाठ केले, त्याला वेल्डिंगचा तो ठिपका एक ठिपकाच दिसतो. ज्याला सूत्र कळले, त्याला त्यात धोका दिसतो. कामगार आणि अभियंता यांच्यातील अंतराची सुरुवात येथून होते.

प्रत्येक पॅकला एक इलेक्ट्रॉनिक राखणदार असतो, त्यास बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. प्रत्येक सेलचा दाब आणि तापमान पाहणे, कोणताही सेल गरजेपेक्षा अधिक भरू वा रिता होऊ न देणे, बॅटरीत किती ऊर्जा उरली याचा हिशेब ठेवणे ही त्याची कामे. हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही. बंद टाकीत डोकावून न पाहता, नळातून आत किती पाणी आले आणि बाहेर किती गेले एवढ्यावरून आतली पातळी सांगायची, असे ते काम आहे. मोजमापातील लहानशी चूक दररोज साठत जाते. ती दुरुस्त करण्यासाठी गणित लागते, संगणकाची आज्ञावली लिहावी लागते आणि सेलचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

यावरून ध्यानात येईल की ‘बॅटरी इंजिनिअर’ नावाचे एकच पद नाही. सेलचे रसायन तयार करणारा रसायनशास्त्रज्ञ किंवा रासायनिक अभियंता असतो. पॅकची पेटी, तिची मजबुती आणि थंड ठेवण्याची व्यवस्था यांत्रिकी अभियंता पाहतो. राखणदार यंत्रणा इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शिकलेल्यांच्या हाती असते. त्याशिवाय चाचणी, कारखान्यातील गुणवत्ता-तपासणी, वाहनदुरुस्ती आणि जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळविणे अशी स्वतंत्र कामे आहेत. मुलाला बॅटरीच्या क्षेत्रात घालायचे म्हणजे यांपैकी कोणत्या कामाकडे त्याचा कल आहे, हे आधी पाहावयास हवे.

विषयांच्या सीमा ओलांडणारे शास्त्र

या बॅटरीचा इतिहासही आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा आहे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमवर चालणाऱ्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीचा पाया घातला. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड सुचविला. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनचा ॲनोड वापरून अधिक सुरक्षित बॅटरी तयार केली आणि १९९१ मध्ये ती बाजारात आली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. लहानपणी त्यांना वाचनाची मोठी अडचण होती. पदवी त्यांनी गणितात घेतली, युद्धकाळात सैन्यात हवामानाचे काम केले, डॉक्टरेट भौतिकशास्त्रात मिळविली आणि पुढे ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद सांभाळले. आज भारतातील असंख्य दुचाकी आणि बसगाड्यांत वापरले जाणारे लिथियम-आयर्न-फॉस्फेट हे रसायनही गुडइनफ यांच्याच टेक्सासमधील प्रयोगशाळेतून पुढे आले आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिले नाव अक्षय पाढी या संशोधकाचे आहे.

या इतिहासातून आम्ही एकच बोध घेतो. ‘ईव्हीचा कोर्स’ करून हे क्षेत्र कोणी घडविले नाही. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्के असलेली माणसे प्रश्न समोर येताच एका विषयातून दुसऱ्या विषयात गेली. बाजारात आज चालणारे रसायन उद्या बदलेल. पुण्याच्या आयसर या संस्थेने केपीआयटी कंपनीसमवेत विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. मिठातला सोडियम उद्या लिथियमच्या शेजारी येऊन बसला, तर एका विशिष्ट पॅकची जोडणी शिकलेला मुलगा पुन्हा अडाणी ठरेल. ऑक्सिडीकरण, क्षपण आणि आवर्तसारणी समजलेला मुलगा मात्र आठवडाभरात नवे रसायन आत्मसात करील.

देशात आज काय चालले आहे

येथे वस्तुस्थिती लपवून उपयोग नाही. जगातील लिथियम-आयन सेलपैकी सुमारे तीन चतुर्थांश सेल चीनमध्ये तयार होतात. भारत आजवर प्रामुख्याने सेल आयात करून पॅकची जोडणी करीत आला. केंद्र शासनाने मे २०२१ मध्ये सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि वर्षाला ५० गिगावॅट-तास क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. तिची प्रगती अपेक्षेपेक्षा संथ आहे. तरीही गुजरातमध्ये साणंद, तमिळनाडूत कृष्णगिरी, तेलंगणात महबूबनगर आणि कर्नाटकात बंगळुरूजवळ सेलचे मोठे कारखाने उभे राहत आहेत. आपल्या राज्यात पुणे-चाकण परिसर वाहनउद्योगाचे जुने केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी या कंपन्यांचे वाहनप्रकल्प जाहीर झाले. म्हणजे मराठवाड्यातील आपल्या मुलांना हा उद्योग घरापासून एका एस.टी.च्या अंतरावर येत आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात विद्युत दुचाकी पेटण्याच्या अनेक घटना घडल्या. त्यानंतर शासनाने दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ या मानकातील अटी अधिक कडक केल्या. १ डिसेंबर २०२२ पासून त्यांचा पहिला टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. बॅटरीला हादरे देणे, पाण्यात बुडविणे, शॉर्ट सर्किट करणे, एक सेल पेटविला तर आग शेजारच्या सेलकडे पसरून प्रवाशाला सावध होण्याइतका वेळ मिळतो की नाही हे पाहणे, अशा चाचण्या आज बंधनकारक आहेत. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था अग्रगण्य आहे. सेलनिर्मितीचे मोठे कारखाने परराज्यांत असले, तरी चाचणी आणि पॅकरचना यांची कामे महाराष्ट्रात आजच उपलब्ध आहेत. आपल्या पदवी आणि पदविकाधारकांनी या कामांकडे प्रथम पाहावे, असे आम्ही सुचवितो.

आणखी एक गोष्ट. बॅटरीला माणसासारखेच हवामान मानवते. साधारण १५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये ती सुखाने नांदते आणि उष्णता वाढली की तिचे आयुष्य घटते. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. थंड प्रदेशात आखलेला पॅक येथे जसाच्या तसा चालणार नाही. विदर्भाच्या उन्हात, खड्ड्यांच्या रस्त्यावर, भाजी आणि सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या तीनचाकीची बॅटरी किती वर्षे टिकेल, हा अस्सल संशोधनाचा विषय आहे आणि त्याचे उत्तर या मातीत वाढलेली मुले अधिक चांगले शोधू शकतील.

दोन दारे

या उद्योगाच्या कारखान्याला दोन दारे आहेत. एका दारातून कंत्राटदारामार्फत मुले-मुली आत जातात. त्यांनी सेल ट्रेमध्ये मांडायचे, पट्टी ठेवायची, यंत्राचे बटण दाबायचे. काम प्रामाणिक आहे आणि घराला आधार देणारे आहे. त्यास आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ११ महिन्यांनी करार संपतो, नवे यंत्र येते आणि हातात पुन्हा काहीच उरत नाही. दुसऱ्या दाराने जे आत जातात, ते ट्रेमध्ये कोणता सेल ठेवायचा, तो का नाकारायचा, यंत्राची धारा किती ठेवायची हे ठरवितात. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर दुसऱ्या कारखान्यात जाते.

तीन महिन्यांचे महागडे वर्ग चालविणाऱ्या कित्येक संस्था पहिल्या दाराचे भाडे दुसऱ्या दाराच्या दराने घेतात, अशी आमची तक्रार आहे. असा वर्ग निवडण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. हे प्रमाणपत्र कोणत्या शासकीय परिषदेच्या मान्यतेचे आहे? प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः किती तास काम करतो? गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांपैकी पाचजणांशी आम्हाला बोलता येईल का? नोकरीची हमी लेखी करारात आहे काय? समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर दागिना घरातच राहू द्यावा.

पायऱ्या कोणत्या

दहावीनंतर लगेच कमावणे ज्यांना भाग आहे, त्यांच्यासाठी शासकीय आय.टी.आय.चा मार्ग उत्तम आहे. इलेक्ट्रिशियनसारखे जुने ट्रेड आहेतच, शिवाय ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेडही आता सुरू झाला आहे. त्यानंतर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली नामांकित कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. मात्र तेथेच थांबू नये. दोन वर्षांची आय.टी.आय. पूर्ण केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात, आणि पदविकाधारकास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. हा जिना लांबचा असला तरी प्रत्येक पायरीवर पोट भरण्याची सोय आहे, हे त्याचे वैशिष्ट्य.

बारावी विज्ञानाकडून जाणाऱ्यांनी सी.ई.टी. किंवा जे.ई.ई.मार्फत विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिकी, रासायनिक वा धातुशास्त्र यांपैकी एखादी मूलभूत शाखा निवडावी. नावात ‘ईव्ही’ असलेल्या शाखेचा हट्ट धरू नये. पायाभूत शाखेतून पदवी घेऊन शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बॅटरीवर करणे, हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे जालना येथे केंद्र आहे. लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तमिळनाडूत कारैकुडी येथे १९४८ मध्ये पायाभरणी झालेली केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे आणि तेथे रासायनिक व विद्युत-रासायनिक अभियांत्रिकीची पदवीही घेता येते. ज्यांना संशोधन करावयाचे आहे, त्यांनी शुद्ध रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सी-मेट किंवा आयसर यांसारख्या संस्थांकडे पाहावे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. परंतु पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती, फ्रीशिप, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या सोयी आपल्या हक्काच्या आहेत. जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत न काढल्यामुळे त्या हातच्या जाणे दु:खद आहे. आयआयटी आणि इतर संस्थांनी चालविलेल्या एनपीटीईएल या उपक्रमात विद्युत वाहनांवरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. तीन महिन्यांच्या वर्गासाठी हजारो रुपये देण्याआधी मुलाने ही व्याख्याने महिनाभर पाहावीत. रस टिकतो की नाही, हे एक पैसा न खर्चता समजेल.

स्पर्धा परीक्षेचा प्रश्न

येथे समाजातील अनेक ज्येष्ठ आमच्याशी असहमत होतील. त्यांचे म्हणणे असे की, आपल्या मुलांनी शासकीय सेवेतच जावे, कारण तेथे आरक्षणाचे संरक्षण आहे, स्थैर्य आहे आणि सत्तेत वाटा आहे. खासगी कारखान्यात आपला मुलगा मुलाखतीच्या खोलीबाहेरच अडविला जाईल. या म्हणण्यात अनुभवाचे तथ्य आहे. खासगी उद्योगात आरक्षण नाही, ओळखीवर नेमणुका होतात आणि आडनावे विचारली जातात, हे आम्ही नाकारीत नाही.

तरीही आमचे उत्तर असे आहे. पुण्याच्या अभ्यासिकांत आपली शेकडो मुले वयाची उमेदीची वर्षे मोजक्या जागांसाठी खर्च करीत आहेत. जे यशस्वी होतात त्यांचा आम्हास अभिमान आहे. उरलेल्यांच्या हाती तिशीच्या उंबरठ्यावर कोणते कौशल्य असते, याचाही विचार व्हावा. दुसरे असे की, जुन्या धंद्यांत ज्ञान घराण्यातून आले आणि ओळखी वारशाने मिळाल्या. बॅटरीच्या धंद्यात वारसा सांगणारी घराणी अद्याप फारशी निर्माण झालेली नाहीत. सेलची चाचणी वाचता येणारे माणूस आज सर्वांनाच हवे आहे आणि ते सहजी मिळत नाही. अशी वेळ कोणत्याही उद्योगाच्या आयुष्यात थोडीच वर्षे टिकते. पुढे तेथेही ओळखींच्या भिंती उभ्या राहतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याकडेही या दृष्टीने पाहावे, अशी आमची विनंती आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर विद्युतविकासाच्या धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि दारिद्र्यातून बाहेर पडण्यासाठी औद्योगिकीकरण व त्यासाठी स्वस्त, मुबलक वीज आवश्यक असल्याची भूमिका मांडली. संविधान शिकलेली पिढी आपण घडविली. वीज शिकलेली पिढी घडविणे हेही त्याच वारशाचे काम आहे.

मुलींविषयी आणि कचऱ्याविषयी

‘कारखाना’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे तेल, धूर आणि वजनदार लोखंड येते व मुलीचे नाव मागे पडते. सेलची प्रयोगशाळा अशी नसते. हवेतील ओलावा जवळजवळ शून्यावर आणलेल्या, धूळविरहित खोलीत, पांढरा झगा घालून, अचूक वजने करीत हे काम चालते. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जी शिस्त लागते तीच येथे लागते. प्रयोगवहीतील नोंदी अनेकदा मुलींच्याच अधिक नेटक्या असतात, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. त्यांच्यासाठी हे क्षेत्र बंद समजण्याचे कोणतेही कारण नाही.

या धंद्याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना शिकविली पाहिजे. जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील काँगोमधून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबतात. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणारी, शिशाचे विष श्वासातून घेणारी माणसे आपल्याच वस्त्यांतील असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हे नियम कागदावरून वस्तीपर्यंत आणण्यासाठी रसायन जाणणारी आणि वस्ती जाणणारी माणसे हवीत. पुनर्वापराच्या अभियांत्रिकीत आपली मुले गेली, तर सम्यक आजीविका हा शब्द त्यांना कारखान्यात प्रत्यक्ष अनुभवता येईल. भंगाराच्या ढिगाशी आपले नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे; आता ते मालक आणि अभियंता म्हणून असावे.

आपण काय करू शकतो

स्मरणिकेतील लेख केवळ विचारांवर संपू नये, म्हणून काही ठोस सूचना मांडतो. पहिली सूचना विद्यालयाला. नववीपासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आठवड्यातून एकदा मल्टिमीटर आला पाहिजे. विद्युतधारेचे प्रयोग फळ्यावर न दाखविता मुलांनी स्वतः करावेत, तेही सुरक्षित अशा साध्या टॉर्चच्या सेलवर. लिथियमची बॅटरी कोणत्याही मुलाने उघडू नये, हा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लावावा. धोका ओळखणे हाच या शास्त्राचा पहिला पाठ आहे. सोबत दररोज अर्धा तास इंग्रजीतील तांत्रिक मजकूर मोठ्याने वाचून मराठीत समजावून सांगण्याचा सराव ठेवावा. यंत्राचे माहितीपत्रक इंग्रजीत असते आणि आपली मुले पुष्कळदा तेथेच अडतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची काही पाठ्यपुस्तके मराठीतही आणली आहेत, ती ग्रंथालयात असावीत.

दुसरी सूचना पालकांना. नववीत गणितात कमी गुण मिळाले म्हणून मुलाला ‘हा आपल्या बसका रोग नाही’ असे सांगू नका. वसतिगृहात त्याला शिकवण्यासाठी वरच्या वर्गातील दादा-ताई आहेत; त्यांच्याकडे पाठवा. दहावीच्या वर्षातच सर्व दाखले तयार ठेवा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना आम्हा माजी विद्यार्थ्यांना. ज्यांच्या घरात कोणी अभियंता नाही, त्या मुलांना कोणत्या कंपनीत कधी जागा निघतात, मुलाखतीत काय विचारतात, उमेदवारीचा अर्ज कसा भरावा हे सांगणारा काका किंवा मामा नसतो. ते नाते आपण निभावावयाचे आहे. चाकण, वाळूज, नाशिक, बंगळुरू, जेथे आपण आहोत तेथून प्रत्येकाने दरवर्षी फक्त दोन विद्यार्थ्यांची जबाबदारी घ्यावी. महिन्यातून एकदा फोनवर बोलावे, उन्हाळ्यात एक दिवस त्यांना कारखान्याच्या दारापर्यंत न्यावे, परवानगी मिळाली तर आतही न्यावे. देणगीची पावती फाडणे सोपे आहे आणि तीही हवीच. परंतु एखाद्या मुलाचा अर्ज शेजारी बसून भरून देण्याने जे घडते, ते पावतीने घडत नाही.

या वर्षी दहावीला बसणारी आपली मुले साधारण सहा-सात वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतील. तोपर्यंत आज पाया खोदला जात असलेले कारखाने चालू झालेले असतील आणि तेथे अभियंत्यांच्या खुर्च्याही मांडल्या गेलेल्या असतील. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा विद्यालयाच्या कार्यालयात माजी विद्यार्थ्यांसाठी एक नोंदवही ठेवण्यात यावी, अशी विनंती आम्ही व्यवस्थापनास केली आहे. आपले नाव, कामाचे ठिकाण, विषय आणि आपण कोणत्या दोन मुलांना हात देणार, एवढेच तीत लिहावयाचे आहे. पहिली काही पाने आम्ही स्वतः भरू. पुढची पाने आपली वाट पाहत आहेत.